मधला डाग

अण्णांनी खिशातला रुमाल काढला, घडीची न वापरलेली बाजू वर घेतली आणि भिंतीवरच्या टीव्हीचा पडदा बरोबर मध्यभागी घासायला सुरुवात केली.

“काका, कपडा नका लावू,” पाठीमागून सेल्समन म्हणाला. “ओरखडे पडतात त्यावर.”

“मग तुम्ही पुसत जा की. केवढा डाग पडलाय बघा मध्ये.”

सेल्समन जवळ आला. पन्नाशीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशाला दुकानाचा बिल्ला. त्याने आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला टेकेल इतकं वाकून पाहिलं. पडद्यावर निळ्याशार पाण्यात एक नारिंगी मासा फिरत होता. नुसता त्याच पडद्यावर नाही, भिंतीवर जेवढे टीव्ही टांगले होते तेवढ्या सगळ्यांवर तोच मासा एकाच वेळी एकाच बाजूला वळत होता.

“मला तर कुठे डाग दिसत नाही, काका.”

“तुम्हाला कसा दिसेल? तुम्हाला विकायचाय तो.” अण्णांनी रुमालाची घडी पुन्हा घातली आणि ते बायकोकडे वळले. “काय गं, आहे की नाही?”

अण्णांच्या बायकोला सगळी गल्ली माई म्हणायची, पोटची मुलगीसुद्धा. माई दोन पावलं मागे, पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. मासा त्यांना इतका लख्ख दिसत होता की खवले मोजून घ्यावेत. खरं सांगायचं तर ते रंग त्यांना जरा बटबटीतच वाटत होते.

“आहे की,” माई म्हणाल्या. “जरा पुसटच आहे मध्ये.”

सेल्समनने चष्मा खाली ओढला आणि माईंकडे नुसतं बघितलं. गिऱ्हाइकं वाटेल ते बोलतात, त्याला त्याची सवय असणार. पण या बाईंकडे बघताना त्याच्या कपाळावर आठी आली. माईंनी नजर काढून घेतली आणि उगाच पिशवीचे बंद सारखे करू लागल्या.

अण्णा शहर बसवर ड्रायव्हर होते. सगळी हयात एका डेपोत गेली होती, निवृत्तीला आता वर्ष उरलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. डेपोत त्यांचा शब्द चाले. नव्याने लागलेल्या ड्रायव्हरला आठवडाभर त्यांच्या मागे उभं करत, ब्रेक कसा लावायचा ते बघायला. त्यांच्या गाडीत उभ्या माणसाला दांडा धरावा लागत नाही, असं लोक म्हणत. अण्णा हे कुणाला सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं की त्यांना आवडे.

घरी ते ओरडणाऱ्यांतले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. कुणी त्यांचं म्हणणं खोडून काढलं की ते गप्प होत. वेळेवर जेवत, वेळेवर झोपत, पण तोंडातून हूं की चूं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कपाटाची किल्ली कुणी हरवली यावरून माईंनी त्यांना खोटं पाडलं होतं, पुराव्यानिशी. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात फक्त रेडिओ बोलत होता. एवढ्या लहान घरात न बोलणाऱ्या माणसाला वळसे घालत फिरायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. माईंनी तेव्हाच स्वतःशी ठरवून टाकलं. हो म्हणायला काय जातं? त्या हो म्हणू लागल्या. मुलगी मोठी झाली, तीही हो म्हणायला शिकली. पाहुणेमंडळींना या घराचं भारी कौतुक होतं, इथे कधी भांडण म्हणून ऐकू येत नाही.

तक्रारींना सुरुवात झाली ती ट्यूबलाइटपासून. प्रकाशच पडत नाही, म्हणाले. माईंनी हो म्हटलं, अण्णांनी नवी आणून बसवली. मग वर्तमानपत्र. हल्ली शाईत पाणी घालतात, म्हणाले. माई म्हणाल्या, घालत असतील, आजकाल कशात काय राम राहिलाय. मग बसची पुढची काच. ती पुसणाऱ्या माणसाशी त्यांचं दोनदा वाजलं. आणि मग एका संध्याकाळी जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

“या बातम्यांवालीचं तोंडच दिसत नाही धड. तुला दिसतं का?”

“कुठलं हो,” माई म्हणाल्या. “नुसता धूर धूर आहे.”

बातम्यांवालीचं तोंड दिसत होतं. तिच्या कानातले डूलही दिसत होते, आणि ते कालचेच होते हेही माईंच्या लक्षात आलं होतं.

आता या वेळचं हो जरा वेगळं होतं, हे सांगायला हवं. त्याच महिन्यात समोरच्या घरात भिंतभर सपाट टीव्ही आला होता, आणि त्यांनी तो बघायला बोलावलं तेव्हा अण्णा बराच वेळ हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभे राहिले होते. माईंना वाटलं, कळलं सगळं. या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. “मला हवंय” एवढं त्यांच्या तोंडातून कधी निघायचं नाही. त्याऐवजी जुन्या वस्तूत खोट निघे. नवी खुर्ची हवी होती तेव्हा जुनी कुरकुरायला लागली होती. नवे बूट हवे होते तेव्हा जुन्याने टाच चावायला घेतली होती. म्हणजे आता हौस आली होती टीव्हीची, आणि बिचाऱ्या जुन्या खोक्याचे दिवस भरले होते.

माईंनी हे स्वयंपाकघरात मुलीला सांगितलं तेव्हा दोघी तोंडावर पदर आणि ओढणी धरून हसल्या. मुलगी टिल्लू, दातांच्या दवाखान्यात कामाला, तिशी आली तरी नाव टिल्लूच. “काय नाटक करतात गं अण्णा,” ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन मुद्दाम डोळे बारीक करून टीव्हीकडे बघत बसली. “खरंच की अण्णा. मध्ये काहीच दिसत नाही. किती दिवस चालवायचा हा?” अण्णांनी मान हलवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं काहीतरी आलं. माईंनी ते दारातून बघितलं. त्यांना फार बरं वाटलं. कित्येक वर्षांनी त्यांचं हो कुणाच्या धाकाचं नव्हतं, लाडाचं होतं.

म्हणून आज तिघं इथे आले होते. टिल्लूने फोनवर लोकांची मतं वाचून तीन टीव्ही हेरून ठेवले होते, आणि अण्णांना त्यांतला एकही पटत नव्हता.

“हा दुसरा बघा,” सेल्समन म्हणाला. “याचा उजेड वाढवून दाखवतो.” त्याने रिमोट दाबला. पाणी पांढरंफेक झालं, मासा पेटल्यासारखा झाला. टिल्लूने डोळ्यांवर हात घेतला.

“मध्ये तसाच आहे,” अण्णा म्हणाले. “कडेला उजेड करून काय उपयोग?”

“आणि हा?”

“यालाही आहे.”

सेल्समनने रिमोट खाली ठेवला. थोडा वेळ तो अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग काहीतरी मनाशी ठरवून भिंतीपाशी गेला आणि मधला, सगळ्यांत मोठा टीव्ही त्याने पूर्ण पांढरा केला. ना मासा, ना पाणी. नुसता पांढरा पडदा.

“काका, डाग कुठे दिसतो तिथे बोट ठेवा बरं. लागू द्या बोट, चालेल.”

अण्णा पुढे झाले. त्यांनी पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं. “हा काय. एवढा.” त्यांनी बोटाने वाटीएवढं वर्तुळ काढून दाखवलं.

“बरं. आता तिथे बघू नका. तो वरचा उजवा कोपरा आहे ना, त्याच्याकडे बघा. नीट टक लावून. आता डाग कुठे आहे?”

अण्णांनी मान वर केली. दुकानात मागे कुठेतरी फ्रिजचं दार उघडून कुणीतरी बंद केलं.

“कोपऱ्यात,” अण्णा म्हणाले.

“आणि मध्ये?”

“मध्ये आता नाहीये.”

“डावीकडे खाली बघा.”

“तिथे आलाय.”

पांढऱ्या पडद्याच्या उजेडात त्याचा चष्मा चमकत होता. “मी पाणी घेऊन येतो हां काका,” तो म्हणाला, आणि जाता जाता टिल्लूपाशी थांबून हलक्या आवाजात म्हणाला, “डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. लवकर दाखवा.”

माईंनी ते ऐकलं.

अण्णा अजून पडद्यासमोर उभे होते. ते वळले, पण माईंच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या खांद्याकडे बघून बोलले. आणि माईंना तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की बरेच दिवस ते असंच बोलत होते.

“सगळा लॉटच खराब आलाय यांचा,” अण्णा म्हणाले. “दुसऱ्या दुकानात बघू.” पण ते दाराकडे गेले नाहीत. टीव्ही घरी कसा दिसेल हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून दुकानात एक सोफा मांडला होता, त्यावर जाऊन बसले.

टिल्लूने माईंचं कोपर धरलं आणि त्यांना वॉशिंग मशिनांच्या रांगेमागे नेलं.

“माई, घरचा टीव्ही तुला कसा दिसतो?”

“तुला कसा दिसतो?”

“मला चांगलाच दिसतो. मी आपली तुझ्या बोलण्यावर…”

“मलाही चांगलाच दिसतो गं.”

टिल्लूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते रागाने पुसलं.

“सांगायला पाहिजे त्यांना. आत्ताच.”

“घरी जाऊन सांगू. इथे चारचौघांत नको.”

“घरी जाऊन तू सांगणार? तू?” टिल्लू म्हणाली. “चहा करशील, म्हणशील आज नको, दमलेत. उद्या सकाळी त्यांची पहिली गाडी आहे, माई. बसभर माणसं असतात.”

“डेपोत तपासतात की डोळे. डॉक्टर येतो त्यांचा. पास झालेत ते.”

“मग तो डाग कसा फिरतोय?”

माईंनी पिशवी पोटाशी घट्ट धरली. त्यांना भलतंच आठवत होतं. मागच्या महिन्यात अण्णा एकदा फार उशिरा, चेहरा पांढराफटक पडून घरी आले होते. रस्त्यात एक बाई एकदम गाडीसमोर उगवली, म्हणाले. हातात भाजीची पिशवी. ब्रेक लागला म्हणून वाचली, पिशवी तेवढी चाकाखाली गेली. “दिसलीच नाही गं. एकदम समोर.” त्यावर माई काय म्हणाल्या होत्या? लोकांना रस्ता ओलांडायची अक्कल नाही, म्हणाल्या होत्या. नाही नाही ते बोलल्या होत्या त्या बाईला. आणि अण्णा हळूहळू शांत झाले होते, जेवले होते, दुसऱ्या दिवशी कामावर गेले होते.

आता वॉशिंग मशिनच्या थंड पत्र्याला हात टेकून त्या उभ्या होत्या आणि त्यांना त्या न पाहिलेल्या बाईची पिशवी दिसत होती. आणि भीतीही वाटत होती, दोन्हीकडून. सांगावं तर या माणसाचं सगळं एका वाक्यात जाणार होतं. गाडी, डेपोतला मान, मागे उभे राहून शिकणारे ते नवे ड्रायव्हर. न सांगावं तर उद्या सकाळी गाडी सुटणार होती.

“बघ,” टिल्लू कुजबुजली.

मशिनांच्या फटीतून सोफा दिसत होता. अण्णांनी तळहाताने एक डोळा झाकला होता. थोडा वेळ तसेच बसले. मग हात बदलला आणि दुसरा झाकला. भिंतीवर मासा पुन्हा सुरू झाला होता. अण्णांनी पुन्हा हात बदलला.

माईंनी पिशवी टिल्लूकडे दिली आणि त्या सोफ्याकडे गेल्या.

“बस,” अण्णा म्हणाले. पावलांवरून ओळखलं त्यांनी.

माई बसल्या. सोफा नको इतका मऊ होता, दोघंही त्यात आत गेले आणि खांद्याला खांदा लागला. असे ते दोघं चारचौघांत कधी बसले नसतील.

“एक विचारतो. खरं सांग.”

“विचारा.”

“घरचा टीव्ही कसा दिसतो तुला?”

माईंच्या जिभेवर नेहमीचं उत्तर येऊन बसलं. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआप यायचं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. अण्णांचे हात गुडघ्यांवर पालथे होते, अंगठे किंचित आत वळलेले, स्टिअरिंग धरून धरून तसेच राहिलेले.

“चांगला दिसतो,” माई म्हणाल्या.

“मध्ये?”

“मध्येसुद्धा.”

“ती बातम्यांवाली?”

“दिसते. सगळी दिसते, अहो. तिचे डूलसुद्धा दिसतात.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. त्या टीव्हीला काही झालेलं नाही.”

माईंनी मनाची तयारी केली. आता ते गप्प होतील, आठवडा, दोन आठवडे, जन्मभर झाले तरी चालेल. पण अण्णा गप्प झाले नाहीत.

“मग मला तसं का सांगत होतीस?”

“मला वाटलं, तुम्हाला नवा हवाय. तुम्ही तोंडाने कधी मागत नाही काही. मला वाटलं, तेवढ्यासाठी खोट काढताय. म्हटलं, होऊ दे हौस.”

“टीव्हीची?” अण्णा म्हणाले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. “मला कशाला हवाय टीव्ही?”

“समोरच्यांकडे तुम्ही किती वेळ उभे होता.”

“त्यांच्याही टीव्हीवर डाग होता. मी बघत होतो, त्यांना दिसतोय का.” ते थांबले. “मला शंका आली होती गं. ट्यूबलाइट बदलली तेव्हाच आली होती. म्हटलं, हिला विचारू. हिचे डोळे तेज आहेत, अजून सुईत दोरा ओवते. हिला चांगलं दिसलं तर समजायचं, आपलं काहीतरी बिघडलं. आणि हिलाही पुसटच दिसलं, तर मग डोळे ठीक आहेत, वस्तूच खराब आहे.”

माईंनी मान वर केली नाही.

“दर वेळी विचारत होतो तुला,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच माईंना सहन होईना. “त्या बाईच्या वेळीही घरी येऊन आधी तुलाच सांगितलं. तू म्हणालीस, चूक तिची. तेवढ्यावर गाडी चालवली मी.”

माईंनी हात पुढे केला आणि अण्णांच्या मनगटावर ठेवला, आणि तो तिथे ठेवायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे न कळून परत घेतला.

टिल्लू सोफ्यामागे येऊन उभी होती. “पण अण्णा, डेपोत तपासणी झाली ना तुमची? तो अक्षरांचा तक्ता वाचला ना तुम्ही?”

“तो तक्ता मी कामाला लागलो तेव्हाचा आहे,” अण्णा म्हणाले. “भिंतीला रंग देतात, तक्ता तोच. रांगेत उभे असलो की आम्ही सगळे तो चालीवर म्हणायचो, वेळ जात नाही म्हणून. बरा ताल धरतो तो. या वेळी समोर उभा राहिलो आणि भराभर म्हणून मोकळा झालो. डॉक्टर म्हणाला, वा. वाचला की म्हटला, माझं मलाच कळलं नाही.”

दुकानात एक जोडपं आलं, मशिनांची दारं उघडून बघू लागलं. बाई काहीतरी बोलली आणि नवरा हसला.

“ती बाई उगवली नव्हती,” अण्णा म्हणाले. “माणूस कसं उगवेल? ती आपली सरळ चालत आली असणार.” मग त्यांनी मागे हात केला. “टिल्लू, डेपोला फोन लाव. तूच लाव. नंबर काढून दे मला.”

टिल्लूने फोन लावून त्यांच्या कानाला दिला. पलीकडे गाड्यांचा गलका ऐकू येत होता. अण्णांनी पाठ ताठ केली, डेपोत बोलायचे तसे बोलले.

“मी बोलतोय. उद्याची पहिली गाडी दुसऱ्या कुणाला द्या. नाही, उद्यापुरतं नाही. नाही, तब्येत ठणठणीत आहे.” ते ऐकत राहिले. पलीकडचा माणूस हसून काहीतरी म्हणत होता, चेष्टा करत असावा, कारण अण्णांनी सुट्टी कधी घेतलीच नव्हती. “मला दिसत नाही,” अण्णा म्हणाले. “हो. दिसत नाही. येऊन सांगतो सगळं. नाही, गाडी पाठवू नका, मी येईन बसने.”

त्यांनी फोन खाली घेतला. बंद कुठे करायचा ते त्यांना सापडेना, टिल्लूने तो हळूच काढून घेतला.

सेल्समन पाण्याचे ग्लास घेऊन आला होता आणि केव्हाचा मागे उभा होता. त्याने एक ग्लास अण्णांच्या हातात नीट दिला, बोटं त्याभोवती लागली आहेत हे बघून मग सोडला.

“काका, टीव्हीची काही घाई नाही,” तो म्हणाला. “पुन्हा केव्हाही या. मी इथेच असतो.”

“आलोच आहोत तर घेऊन जाऊ,” अण्णा म्हणाले. सगळं पाणी त्यांनी एका दमात संपवलं. “मला नका विचारू. हिला विचारा. बघणार ती आहे.”

सेल्समन माईंकडे वळला. माईंना नाही म्हणायचं होतं, चला घरी, असं म्हणायचं होतं. पण अण्णा वाट बघत होते. माई सोफ्यातून उठल्या, पदर सारखा केला आणि भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. घरात आजवर एवढी मोठी वस्तू त्यांनी कधी निवडली नव्हती. त्यांनी लहान पडदे बघितले, मोठे बघितले. सगळ्यांतच मासा लख्ख होता. त्या एकेका टीव्हीपुढे थांबत, परत मागे येत, आणि सेल्समन न कंटाळता त्यांच्याबरोबर पुढे-मागे चालत होता. शेवटी माई त्याच्याकडे वळल्या.

“यांतल्या कुठल्याचा आवाज चांगला आहे?” त्यांनी विचारलं.

सेल्समनने सोफ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा रिमोट घेतला आणि पहिल्या टीव्हीचा आवाज सुरू केला.